वाढ थांबणे म्हणजे रोग संपणे नव्हे
(बुरशीविरोधी औषधांविषयी एक अभ्यास)

गतवर्षी एका सायंकाळी एक तरुण आपल्या आईचे बिल हाती घेऊन आमच्या कार्यालयात आला. आई अतिदक्षता विभागातून नुकतीच सामान्य कक्षात आली होती. तिच्या रक्तात यीस्टचा संसर्ग झाला होता व त्यावर उपचार चालू होते. तरुणाचा प्रश्न रास्त होता. "साहेब, आईचा ताप तीन दिवसांपूर्वीच उतरला. मग औषध अजून का चालू? आणि रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा कशासाठी?" उपचारांसाठी त्याने नातलगांकडून उसने पैसे घेतले होते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्या क्षणी आम्हांला समाधानकारक उत्तर देता आले नाही. आमच्या डॉक्टरांनी त्याला आणि आम्हांलाही जे समजावून सांगितले, ते आपणां सर्वांच्या माहितीसाठी येथे मांडत आहोत.

सहवासी केव्हा शत्रू होतो?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी होय. पाव फुगविणारे यीस्ट आपल्या परिचयाचे आहेच. 'कॅन्डिडा अल्बिकन्स' हे दुसरे यीस्ट अनेक निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यांत निरुपद्रवीपणे राहत असते. त्याच्या पेशीला अंकुर फुटतो, तो वाढून वेगळा होतो आणि नवी पेशी बनते. मधुमेह आटोक्याबाहेर असेल, प्रतिजैविके दीर्घकाळ द्यावी लागली असतील, मोठ्या शिरेत नळी असेल अथवा कर्करोगावरील उपचारांनी प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर हाच सहवासी शत्रू होतो. जिभेवरील पांढरा थर हे त्याचे सौम्य रूप. परंतु रक्तात शिरल्यास प्रसंग प्राणावर बेततो.

औषधे नेमके काय करतात?

जिवाणूंवरील प्रतिजैविके यीस्टवर चालत नाहीत. शिवाय यीस्टच्या पेशीची अंतर्गत रचना मानवी पेशीशी बरीच मिळतीजुळती असल्याने, रुग्णाला अपाय न करता यीस्टला मारणे अवघड असते. शास्त्रज्ञांनी यातून दोन महत्त्वाचे भेद हेरले. मानवी पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तर यीस्टच्या पटलात एर्गोस्टेरॉल. तसेच यीस्टच्या पेशीभोवती भित्तिका असते, मानवी पेशीभोवती ती नसते.

फ्लुकोनाझोल हे औषध एर्गोस्टेरॉल तयार होण्याची क्रिया रोखते. त्यामुळे पटल सदोष होऊन कॅन्डिडाची वाढ खुंटते. परंतु असलेल्या पेशी सहसा लगेच मरत नाहीत. अँफोटेरिसिन बी हे एर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटते व पेशीचा नाश करते. मात्र त्याने मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. म्हणून ते चालू असताना क्रिएटिनिन व पोटॅशियमची तपासणी वरचेवर करावी लागते. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेले कॅस्पोफंजिन हे भित्तिकेतील ग्लुकन हा घटक बनू देत नाही. भित्तिका दुबळी होऊन कॅन्डिडाची पेशी फुटते.

आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, फ्लुकोनाझोल नवी उधारी बंद करते. जुनी बाकी फेडण्याचे काम रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला करावे लागते. औषध मध्येच सोडले, तर थांबलेली वाढ पुन्हा सुरू होऊ शकते. मारक औषधांच्या बाबतीतही निष्काळजीपणा चालत नाही. यीस्ट शिरेतील नळीवर चिकट थर करून राहते, डोळ्यांत किंवा हृदयाच्या झडपांवरही ठाण मांडते. यास्तव डॉक्टर शक्यतो ती नळी काढून टाकतात. संसर्ग अन्य अवयवांत पसरला नसेल, तर रक्ताचे कल्चर प्रथम निर्दोष आल्यापासून पुढे साधारणतः १४ दिवस उपचार चालू ठेवतात. हे दिवस ताप उतरल्यापासून मोजावयाचे नसतात. पुन्हा पुन्हा रक्त घेण्याचे कारण हेच होय.

तपासणी कशासाठी?

प्रयोगशाळेत यीस्ट औषधाच्या चढत्या मात्रांमध्ये वाढवून पाहतात. अँफोटेरिसिनसाठी वाढ पूर्णपणे थांबविणारी किमान मात्रा पाहतात. फ्लुकोनाझोलच्या बाबतीत मात्र औषधाविना झालेल्या वाढीच्या तुलनेत वाढ निम्म्याने घटविणारी मात्रा नोंदवितात. कारण तेथे थोडी वाढ उरतेच. 'थांबविणे' आणि 'मारणे' यांतील भेद असा नळीतही दिसून येतो.

यीस्टची जात ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. कॅन्डिडा क्रुसेई फ्लुकोनाझोलला निसर्गतःच दाद देत नाही. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम ओळखली गेलेली कॅन्डिडा ऑरिस बहुधा फ्लुकोनाझोलला जुमानत नाही आणि रुग्णालयात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या घातक बुरशींच्या यादीत तिला सर्वांत गंभीर गटात स्थान दिले आहे. अंदाजपत्रक करताना अशा तपासण्यांचा खर्च आम्हांलाही पूर्वी जड वाटे. चुकीच्या औषधावर गेलेले दिवस मात्र कोणत्याही खातेवहीत भरून निघत नाहीत, हे आता आम्हांस उमगले आहे.

त्या तरुणाने उपचार पूर्ण होऊ दिले. त्याची आई स्वतःच्या पायांनी घरी गेली.

शेवटी एक आठवण. एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राऊन या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील दोन संशोधिका. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी आल्बनीत. नमुने टपालाने ये-जा करीत. व्हर्जिनियातील एका शेतातील मातीतून त्यांनी १९५० साली निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध जगापुढे आणले. 'न्यूयॉर्क स्टेट' यावरूनच त्याला हे नाव मिळाले. तोंडातील व त्वचेवरील कॅन्डिडासाठी ते आजही वापरले जाते. त्याच्या स्वामित्वधनापोटी १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली. ती सर्व त्यांनी संशोधनासाठी दिली.

आपण दिलेली देणगी याच वाटेवरची आहे. ती केवळ औषधाच्या कुपीत जात नाही. कुपी योग्य आहे की नाही, हे ठरविणाऱ्या प्रयोगशाळेतही जाते. रुग्णांच्या नातेवाइकांना आमची नम्र विनंती एवढीच की, ताप उतरला म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. पैशांची अडचण असल्यास आधी आमच्याकडे यावे. मार्ग काढण्यासाठीच हा न्यास आहे.