रस्ता कुणाच्या पैशाचा?

गावात डांबरी रस्ता झाला की लोक म्हणतात, "सरकारनं रस्ता दिला." पण सरकारजवळ पैसा येतो कुठून? तुमच्या-आमच्याकडूनच येतो. कसा, ते पाहू या.

१९२७ साली रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर तिचे अध्यक्ष होते. समिती म्हणाली, पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांवरच खर्च करा. १९२९ पासून दर गॅलनमागे २ आणे जादा कर सुरू झाला. आजही पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठी कर आहे. तुम्ही ट्रॅक्टरमध्ये डिझेल घालता, तेव्हा थोडा पैसा रस्त्याला जातो.

पैशाबरोबर घामही लागतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यात लाखो बायाबापड्या खडी फोडायला बसल्या. पुढे रोजगार हमीच्या कामांसाठी १९७५ साली नोकरदार-व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. शहराने पैसा दिला, खेड्याने घाम गाळला. त्यातून पुष्कळ रस्ते झाले. पण अनेकांवर डांबर पडले नाही. पावसाळ्यात तिथे पुन्हा चिखल!

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना निघाली. ५०० वस्तीच्या गावाला, आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० वस्तीच्या गावालाही, बारमाही रस्ता द्यायचा असे ठरले. आधी सगळा खर्च केंद्र सरकारचा होता. २०१५-१६ पासून १०० रुपयांत ६० केंद्राचे आणि ४० राज्याचे झाले. या योजनेतला रस्ता ५ वर्षे ठेकेदारानेच दुरुस्त ठेवायचा असतो.

आता रस्ता बनतो कसा? आधी मातीचा भराव. मग मुरूम. मग खडी. प्रत्येक थरावर रोलर फिरला पाहिजे. सगळ्यात वर डांबर. रस्ता मधे थोडा उंच ठेवतात, म्हणजे पाणी कडेला जाते. कडेला चर आणि ओढ्यावर मोरी हवी. पाणी हा डांबराचा वैरी आहे. पाणी तुंबले की रस्ता खचलाच समजा.

काही जण शेतात गाडी न्यायला चर बुजवतात. असे करू नका. परवानगी घेऊन तिथे पाइप घाला. गाडीही जाईल, पाणीही जाईल.

कामाच्या ठिकाणी फलक लावलेला असतो. रस्त्याची लांबी, खर्च, ठेकेदाराचे नाव आणि कामाच्या तारखा त्यावर असतात. काल तो फलक आपल्याला मुका होता. आज तो बोलतो, कारण आपल्याला वाचता येते! तेव्हा फलक वाचा. थर नीट पडतात का ते बघा. शंका आली तर ग्रामसभेत विचारा. विचारण्यात भांडण नाही. आपल्या पैशाचा हिशोब आहे.

उत्तरे सांगा :
१. रस्त्याला पैसा कुठून येतो?
२. चर का बुजवू नये?
३. तुमच्या गावच्या फलकावर काय लिहिले आहे? वाचून या.