पांढरी शेते आणि गुलाबी गाठी

भीमाकाठचा दौंड आणि घोडनदीकाठचा शिरूर हे पुणे जिल्ह्यातील कमी पावसाचे तालुके. खडकवासल्याचा कालवा आणि चिंचणीचे घोड धरण यांमुळे येथे ऊस उभा राहिला. पण पाण्याचा निचरा न होणाऱ्या सखल, काळ्या शेतांत उन्हाळ्यात कधी कधी पांढरा थर दिसतो. तो क्षारांचा असतो.

हे क्षार येतात कोठून? थोडा हिशेब करू या. समजा, एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत. एक हेक्टर शेताला १० सेंटिमीटर पाणी दिले, तर ते १० लाख लिटर होते, म्हणजे क्षार झाले ५०० किलो! पाणी पिकातून व जमिनीवरून उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यातच जादा पाण्याने भूजल वर आले, तर खालचे क्षारही केशाकर्षणाने वर चढतात.

अशा जमिनीत पाणी असूनही मुळांना ते ओढून घेणे कठीण जाते. हरभरा, मूग यांसारख्या कडधान्यांवर तर दुहेरी संकट येते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असला, तरी वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जीवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. त्याबदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. १८८८ साली बायरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जीवाणू गाठींतून वेगळे करून दाखवले.

क्षारांमुळे ही भागीदारी कोठे तुटते? काही रायझोबियम एक टक्का मीठ असलेल्या द्रावणातही वाढतात. ते आपल्या पेशीत ट्रेहॅलोज, प्रोलीन यांसारखे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात. हरभरा मात्र त्याहून कितीतरी कमी मिठात कोमेजतो. जीवाणू मुळात शिरतात ते केशमुळांतून. क्षारांमुळे केशमुळे कमी होतात, गाठी कमी धरतात. पाणी साचलेले असेल, तर गाठींना प्राणवायूही पुरत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ खारवट जमिनीतील जोमदार झाडांच्या गाठींतून क्षार सोसणारे जीवाणू निवडतात. असे जीवाणू बियाण्याला लावले, की मध्यम खारवट जमिनीत गाठी वाढण्यास मदत होते. मात्र पिकाला योग्य तेच जीवाणू हवेत. हरभऱ्याचे जीवाणू सोयाबीनला चालत नाहीत. साधारणतः २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्यास पुरते. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. उन्हात जीवाणू मरतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : जीवाणू जमिनीतील मीठ काढून टाकत नाहीत. त्यासाठी चर खणून निचरा करावा लागतो आणि चांगल्या पाण्याने क्षार खाली धुवावे लागतात. सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत माती तपासून जिप्समही घालतात. क्षार सोसणारा धैंचा हिरवळीचे खत म्हणून गाडला, तर जमीन भुसभुशीत होते आणि नायट्रोजनही मिळतो. हे न करता नुसते पाकीट आणले, तर पेरणीचा खर्च वाया जाण्याचा धोका असतो.

आता तुम्हीच पाहा. मूग पिकलेल्या शेतातील माती तळाला भोक असलेल्या तीन कुंड्यांत भरून मूग पेरा. रोपे उगवल्यावर पहिलीला साधे पाणी, दुसरीला लिटरमागे १ ग्रॅम आणि तिसरीला ४ ग्रॅम मीठ घातलेले पाणी द्या. पाच आठवड्यांनी रोपे अलगद काढून मुळे धुवा, गाठी मोजा आणि ब्लेडने जपून कापा. आतून गुलाबी असलेली गाठ काम करणारी समजावी. तो रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनसारख्याच लेगहिमोग्लोबिनचा असतो. कोणत्या कुंडीत गुलाबी गाठी सर्वांत जास्त मिळतात, याची नोंद वहीत करा.