स्वधर्मकथन: कोणी विचारले असता

गडचिरोलीकडील आठवडी बाजारात माणूस भेटला की पहिल्याच शब्दात त्याचा मार्ग कळतो. कोणी 'जय सेवा' म्हणतो, कोणी 'जय भीम', कोणी 'राम कृष्ण हरी'. उपदेशी वासनिक 'दंडवत प्रणाम' म्हणून हात जोडतो. अभिवादनात जे इतके सहज सांगितले जाते, तेच कोणी प्रश्न करून विचारले की मात्र पुष्कळांची वाणी अडखळते. 'आमचे आपले घरचे आहे' एवढे बोलून विषय टाळला जातो. येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला असून प्रगणक हाच प्रश्न घेऊन दारोदार येणार आहे. तेव्हा त्याचा विचार आधीच झालेला बरा.

या अडखळण्याला महानुभावांपुरता एक इतिहास आहे. पंथाचे ग्रंथ कैक शतके सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. पाठ शुद्ध राहावा व ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, ही त्यामागील दक्षता होती. परंतु आतील मजकूर न कळल्यामुळे बाहेरच्यांनी तो कल्पनेने भरून काढला, आणि पंथाविषयी नाही नाही ते अपसमज रूढ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांना लिपीची उकल झाली, पुढे ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र मुद्रित केले, तेव्हा कुठे विद्वानांचे मत पालटू लागले. मौनाने शास्त्र राखले, पण नावाला डाग लागला, हे मान्य केले पाहिजे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण चंद्रपूरचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाल्यावर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात, म्हणजे तेव्हाच्या चांद्यात, दीक्षा दिली. १९५१ च्या गणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. हा आकडा सुखासुखी लिहिला गेलेला नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. 'बौद्ध' असे लिहविणाऱ्यास केंद्राच्या सवलतींस मुकावे लागे, आणि १९९० च्या दुरुस्तीपर्यंत ही स्थिती टिकली. मुलाच्या शिक्षणाचा, नोकरीचा प्रश्न समोर उभा असताना लोकांनी लेखणीखाली तोच शब्द लिहविला. बौद्धमत परमेश्वर मानीत नाही, त्यामुळे सिद्धांतभेद उघड आहे. तरीही हानी सोसून केलेले हे कथन महानुभावाने आदरानेच पाहावे.

गोंडांची रीत आणखी निराळी. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी त्यांच्या कुळांची वाटणी असते. सोयरिकीच्या वेळी ही देवसंख्या आधी विचारली जाते, कारण सारख्या संख्येची कुळे परस्परांचे भाऊबंद ठरतात व त्यांच्यात विवाह होत नाही. आपले देव सांगणे हा त्यांच्यात संकोचाचा विषयच नव्हे. सरकारी कागदावर मात्र त्यांच्यातील पुष्कळांची नोंद हिंदू अशी होत आली. २०११ मध्ये देशभरात दहा लाखांवर लोकांनी गोंडी धर्म असे लिहविले. 'कोया पुनेम' हा शब्दही आता रूढ होत आहे. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नसल्याने या नोंदीमुळे त्यांची सवलत जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनी काय लिहवावे हे परक्याने शिकवू नये. तो परका महानुभाव असला तरीही.

आता स्वपक्ष. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ स्वतंत्र व अनादी आहेत, असे आपले शास्त्र सांगते. देवता असत्य आहेत असे ते सांगत नाही. त्यांची फळे नाशिवंत आहेत आणि मोक्षदान परमेश्वराधीन आहे, एवढेच सांगते. या अनन्यतेत शिरण्याचे द्वार उपदेश. आणि उपदेश व्यक्तीला होतो, घराला होत नाही. येथेच खरी अडचण उत्पन्न होते. प्रगणकाला उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो आणि सर्वांना एकच नाव लावून मोकळा होतो. वस्तुतः प्रमुखाचा धर्म तोच सर्वांचा असे गृहीत न धरता प्रत्येकाचा निराळा विचारावा, अशी प्रगणकांना सूचना असते. तक्त्यात पंथाला रकाना नाही. बहुतेक उपदेशी 'हिंदू' असे लिहवितात. त्याने अनन्यतेला बाध येत नाही, कारण ती आचाराची गोष्ट आहे. परंतु माहेरचे कुलदैवत मनात धरून आलेली, उपदेश न झालेली सून असेल, तर तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांत 'आमची महानुभाव' म्हणून सांगणाऱ्या सासऱ्याने तिच्या वतीने असत्य बोलू नये. तिला विचारावे. तिचे उत्तर आवडो वा न आवडो.

तक्त्यापेक्षा गावच्या वर्गणीचा प्रसंग कठीण असतो. ग्रामदेवतेच्या पूजेस घरटी वर्गणी ठरते, त्यातून बोकड घेतला जातो. उपदेशी माणूस त्या दिवशी परगावी निघून जातो, किंवा मुकाट्याने पैसे देऊन घरात खंत करीत बसतो. दोन्ही वर्तने दुबळी आहेत. जीवहिंसेच्या कार्यास द्रव्य देता येत नाही, असे त्याने पाटलासमोर स्वमुखे सांगावे. देवतेची निंदा करू नये. आणि बांधबंदिस्ती, आजारपण, घरावरचे छप्पर या कामांत इतरांपेक्षा चार हात अधिक द्यावे. मग गाव रागावला तरी तुटत नाही. अर्थात एकट्या घराला हे सोपे नाही, आणि मठात बसून असा उपदेश करणाऱ्याने ते विसरू नये.

भाषेचाही विचार हवा. नागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृत सोडून मराठीकडे वळविले ते सामान्य जन, म्हाताऱ्याकोताऱ्या वंचित होऊ नयेत म्हणून. या दोन जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. ऐकणाऱ्याच्या बोलीत दोन वाक्ये सांगता आली, तर पारिभाषिक शब्दांची रास लागत नाही.

दुसऱ्याचे सांगणे कसे ऐकावे, याचाही धडा परंपरेत आहे. श्रीचक्रधर प्रभूंच्या लीळा एकत्र करताना म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या त्यांच्याकडे गेले, प्रत्येकास विचारले, आणि मिळालेली माहिती नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. सांगणाऱ्यांत भेद आढळला तेथे एकाचे खोडून दुसऱ्याचे ठेवण्याची घाई परंपरेने केली नाही. भिन्न पाठही पोथ्यांतून राखले गेले.