प्रकल्पवही लिहिताना : नेमका शब्द, पुरते वाक्य



आपली बरीच मुले कृषी पदविकेला, पदवीला आहेत. सुट्टीत प्रकल्पवही घेऊन गट ऑफिसात येतात नि म्हणतात, "साहेब, जरा नजर टाका." वह्या वाचताना आम्हांस आमचेच दिवस आठवतात.

आम्ही मूळचे खालापूर तालुक्यातले, भातवाले. शेजारी कर्जतला (हे रायगडचे कर्जत, अहिल्यानगरचे नव्हे) १९१९ पासूनचे भात संशोधन केंद्र आहे. पदविकेला असताना तिथला प्लॉट पाहून आम्ही वहीत लिहिले, "रोपांची लावणी योग्य अंतरावर करण्यात आली." वडिलांनी वाचले नि विचारले, "योग्य म्हणजे किती रे? आणि केली कुणी?" आम्ही गप्प.

आज तेच असे लिहू : "चारसूत्री पद्धतीने मजुरांनी १५ व २५ सें.मी. असे आलटून-पालटून अंतर ठेवून लावणी केली. मग चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची एक गोळी खोचली." हे वाचून दुसरा शेतकरी तसे करू शकतो.

आता उसाकडे येऊ. एका वहीत होते, "आडसालीस हेक्टरी ४०० किलो युरिया द्यावा." सर्वसाधारण शिफारस ४०० किलो नत्राची आहे. युरियात नत्र ४६ टक्के. सगळे नत्र युरियातून द्यायचे तर सुमारे ८७० किलो युरिया लागतो. शब्द एकच चुकला, पण खत निम्म्याहून कमी झाले. दुसऱ्या वहीत 'उत्पादन' हवे तिथे 'उत्पन्न' होते. उत्पादन टनांत मोजतात, उत्पन्न रुपयांत. हेक्टरच्या जागी एकर पडले तर हिशेब अडीचपट फिरतो.

म्हणून मुलांना तीन गोष्टी सांगा :

१) एका वाक्यात एकच गोष्ट, कुणी काय केले ते सरळ लिहावे.

२) 'योग्य', 'पुरेसे', 'वेळेवर' या शब्दांऐवजी आकडा व तारीख द्यावी.

३) सरी, डोळा, खोडवा, पाचट हे शब्द गावंढळ नाहीत. ते बिनधास्त वापरावेत.

वही कॉलेजात देण्याआधी मुलाला ती घरी मोठ्याने वाचायला लावा. जिथे तुम्ही "म्हणजे काय रे?" विचाराल, तिथले वाक्य त्याने पुन्हा लिहावे. उद्या हीच मुले तुमच्या बांधावर शिफारशी घेऊन येणार आहेत.