शब्दांची ओळख : ‘मिशन’ म्हणजे नेमके काय?



काही इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की त्यांचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटतच नाही. ‘मिशन’ हा असाच एक शब्द आहे.

मिरजेत जुन्या माणसांपुढे ‘मिशन’ म्हटले की त्यांना मिशन हॉस्पिटल आठवते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे हॉस्पिटल सुरू झाले. वानलेसवाडी हे नाव त्यांचेच. शाळेत मुले १९४२ चे क्रिप्स मिशन शिकतात. तेथे मिशन म्हणजे वाटाघाटीसाठी आलेले मंडळ. २०१९ पासून गावोगावी जल जीवन मिशनच्या पाट्या लागल्या. तेथे मिशन म्हणजे सरकारी मोहीम. इमारत, मंडळ आणि मोहीम असे तीन अर्थ झाले. पण शब्द एकच!

या सर्वांचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे आणि ‘मिस्सियो’ म्हणजे पाठवणी. मध्ययुगातील ईशज्ञानी हा शब्द पित्याने पुत्राला व पवित्र आत्म्याला जगात पाठवले, या अर्थाने वापरीत. सोळाव्या शतकात येशूसंघीयांनी तो दूरदेशी पाठवलेल्या धर्मगुरूंच्या कार्यासाठी रूढ केला. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, ते असेच पाठवलेले होते.

या शब्दाचे कुटुंब मोठे आहे. हॉस्पिटलातील ‘अ‍ॅडमिट’ म्हणजे आत पाठवणे, आत घेणे. ‘कमिशन’ म्हणजे काम सोपवणे; दलालाला मिळणारे कमिशनही त्यातूनच आले. ‘प्रॉमिस’ म्हणजे पुढे पाठवलेला शब्द, अर्थात वचन. ‘परमिट’, ‘कमिटी’, ‘डिसमिस’ आणि लांबवर जाणारे ‘मिसाईल’ हीसुद्धा त्याचीच भावंडे. मात्र गाडी ‘मिस’ झाली, यातील ‘मिस’ त्यांच्यापैकी नव्हे. तो वेगळ्या कुळातला शब्द आहे.

आणखी एक भावंड आपल्या अगदी जवळचे आहे, ते म्हणजे ‘मिस्सा’. लॅटिन उपासनेच्या शेवटी ‘इते, मिस्सा एस्त’ असे म्हटले जाई. त्याचा साधा अर्थ ‘जा, तुम्हांला निरोप दिला आहे.’ या निरोपाच्या शब्दावरूनच संपूर्ण उपासनेला मिस्सा हे नाव मिळाले. म्हणजेच आपण दर रविवारी ज्यासाठी एकत्र येतो, त्याचे नावच निघण्यावरून पडले आहे.

मराठीनेही हा अर्थ फार पूर्वीपासून जपला आहे. ‘प्रेषित’ म्हणजे पाठवलेला. पत्राच्या पाकिटावर आपण ‘प्रेषक’ लिहितो, त्याच धातूचा हा शब्द. ग्रीक भाषेतील ‘अपोस्तलोस’चा अर्थही हाच. म्हणूनच ‘मिशन’ला आपण ‘प्रेषितकार्य’ म्हणतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ‘मिशनचे लोक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी डॉक्टर, फादर किंवा सिस्टर येतात. ऑक्टोबरमधील मिशन रविवारी आपण दान देतो आणि आपले काम झाले असे समजतो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र सांगितले की ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी आहे. मग ज्याचा बाप्तिस्मा झाला, तो प्रत्येक जण पाठवलेलाच होय. इमारती उभ्या राहतात, जुन्या होतात, बंदही पडतात. पाठवणी मात्र माणसांची असते.

पाठवलेल्याला फार लांब जावे लागते असेही नाही. नात्यागोत्यापासून दूर, उपचारांसाठी मिरजेत येऊन राहिलेला रुग्ण आपल्या गल्लीच्या टोकाला भेटतो.

चिंतनासाठी : शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच आपण चप्पल शोधू लागतो का? या आठवड्यात मला कोणाकडे पाठवले आहे?