फरशी चित्रातली, सांधे जागेवरचे

कर्वेनगरात सध्या एक सोडून एक इमारत पुनर्विकासाला निघाली आहे, आणि प्रत्येक सोसायटीच्या बैठकीत बिल्डरचं गुळगुळीत माहितीपत्रक हातोहात फिरतं. त्यातली कॉम्प्युटरवरची चित्रं करणं हाच माझा धंदा. म्हणून एका सोसायटीने मला बोलावलं, तेही भांडणात साक्षीला. चित्र दुसऱ्या कुणाचं होतं. तक्रार अशी की लॉबीत दाखवलेली फरशी वेगळी आणि बसवलेली वेगळी. बिल्डरचा माणूस शपथेवर सांगत होता की कंपनी तीच, डिझाइन तेच, नंबरही तोच. आणि गंमत म्हणजे तो खरं बोलत होता.

कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी खिशातून सहा इंची फूटपट्टी काढली आणि माहितीपत्रकावर ठेवली. "लिफ्टचं दार किती हो? अडीच फूट. आणि ही एक टाइल दाराच्या दुप्पट दिसतीय, म्हणजे झाली पाच फुटांची. तुम्ही बसवलीय दोन बाय दोन. मधले सांधे गेले कुठे?"

सांधे ताणले गेले होते. टाइलचा फोटो मोठा करून जमिनीवर पसरला की शिरा लांबतात, सांधे विरळ होतात आणि साध्या लॉबीला राजवाड्याची कळा येते. मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा करणाऱ्याला फोटोतला पृष्ठभाग खऱ्या मापात केवढा होता हेच माहीत नसतं. पण बघणारा त्या चित्रावर भाळून सही करतो.

म्हणून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी कॅमेऱ्याआधी टेप हातात घ्यायला लावतो. शेजारीच महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं भानुबेन नानावटी आर्किटेक्चर कॉलेज असल्याने अशा मुलींची वाण नाही. भिंतीचा किंवा फरशीचा पहिला फोटो टेप आडवी ठेवून काढायचा, मग टेप उचलून बाकीचे. टेपेचा फोटो चित्रात कधी वापरला जात नाही, पण बाकी सगळ्यांची मापं त्यावरून लागतात.

नेटवरून घेतलेल्या टेक्श्चरना, म्हणजे पृष्ठभागांच्या तयार फोटोंना, नावं ठेवायचं कारण नाही. पॉली हेवन किंवा अँबियंटसीजी या साइटवर तर ती फुकट आणि हक्कांच्या कटकटीशिवाय मिळतात, कामही अव्वल असतं. अडचण एवढीच की भिंत बहुधा विलायती असते. ब्रिटिश वीट ६५ मिलिमीटर उंच, सांध्यासकट ७५. आपली वीट नऊ बाय चार बाय तीन इंचाची आणि सांधा गवंड्याच्या मर्जीचा. दहा फुटी भिंतीत त्यांचे चाळीस थर बसतात, आपले पस्तिसाच्या आसपास. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण घर परक्या गावचं वाटतं. ४के, ८के अशा आकड्यांच्या मागे लागणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आधी थर मोजा.

आपल्याकडचे पृष्ठभाग टिपायचे तर आषाढ-श्रावणासारखा काळ नाही. ढगाळ आभाळाखाली उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पडत नाही. उन्हात काढलेल्या फोटोत प्रत्येक खड्ड्याची सावली कायमची छापली जाते. मग चित्रातला सूर्य पूर्वेला आणि फरशीतला पश्चिमेला, असा घोळ होतो. फक्त सर येऊन गेल्यावर लगेच जाऊ नका. ओला दगड रंगाने गडद होतो आणि चकाकतोही. कोरडा आणि ओला हे दोन वेगळे पृष्ठभाग समजा. मोबाइल चालेल, पण वाइड लेन्सने कडा वाकतात. दोन पावलं मागे सरून थोडं झूम करा, भिंतीसमोर सरळ उभे राहा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. चुन्याची भिंतसुद्धा शुद्ध पांढरी नसते आणि कडप्पा शुद्ध काळा नसतो. ० ते २५५ या मोजपट्टीवर भिंत २४०च्या वर आणि कडप्पा ३०च्या खाली गेला तर फोटो चुकलाय असं धरा.

रंग सगळ्यांना दिसतो. खरखर कुणी बघत नाही. चित्रात रंगाचा एक नकाशा असतो, उंचसखलपणाचा एक आणि चमक कुठे किती याचा तिसरा. माझ्या मते जीव या तिसऱ्यात आहे. एखाद्या जुन्या बंगल्यातली शहाबादी फरशी बघा. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पाय पडून पडून एक पट्टा तुकतुकीत झालेला असतो, भिंतीलगत तीच फरशी मंद असते आणि मोरीपाशी पाण्यातल्या क्षारांचा पांढुरका थर. रंग जवळपास तोच! संध्याकाळी दिवे घालवून मोबाइलची टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की ही सगळी वाट उजळून निघते. तसाच एक फोटो काढून ठेवा, चमकीचा नकाशा त्यावरून हाताने रंगवता येतो.

बाहेरच्या भिंतीला पुण्याचा पाऊस हवा. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून काळे ओघळ, गच्चीच्या कठड्यावर शेवाळ, जोत्यापाशी हातभर उंचीपर्यंत मुरमाच्या लाल चिखलाचे शिंतोडे, कुठे लोणा लागून पोपडे. हे डाग पाणी जिथून वाहतं तिथेच टाका. आयतं डागाळलेलं टेक्श्चर आठ मजली भिंतीवर पसरलं की तोच ओघळ मजल्यामजल्यावर दिसतो, आणि एकदा दिसला की दुसरं काही दिसत नाही.

तांत्रिक खोडी दोनच सांगतो. ब्लेंडर आणि अनरियल या दोन सॉफ्टवेअरमध्ये उंचसखलपणाच्या नकाशातली हिरवी वाहिनी उलटी असते. एकीकडचा नकाशा दुसरीकडे तसाच लावला की सांधे आत जायच्या ऐवजी वर येतात. दुसरं, चमकीचा नकाशा हा रंग नव्हे, माहिती आहे. सॉफ्टवेअरला तसं सांगितलं नाही तर चमक मनमानी बदलते. जिन्याच्या पायऱ्या आरशासारख्या चकाकताना दिसल्या की ज्येष्ठ मंडळी पाय घसरायच्या भीतीने तो दगडच नाकारतात, मग तो प्रत्यक्षात कितीही खरखरीत असो.

आता सोसायटीच्या कमिटीसाठी. रेरा कायदा २०१६चा आहे आणि त्याच्या कलम १२नुसार खोट्या जाहिरातीवर विसंबून आगाऊ पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. नवे फ्लॅट घेणाऱ्यांना हे माहीत असावं. पण कायद्याच्या पायरीवर जाण्याआधी चित्र करणाऱ्याकडून उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून एक चित्र मागा, त्याखाली टाइलचं माप छापून घ्या आणि लिफ्टच्या दाराशी ताडून बघा. टाइलचा खराखुरा तुकडा मागे बिल्डरची सही घेऊन ऑफिसच्या कपाटात ठेवा. दुकानदार तो फुकट देतो.