आधी प्रसंग सांग, मग गाणं लाव

चि. मुक्ता,


कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींना पंडित जितेंद्र अभिषेकींची नाट्यगीतं ऐकवायची आहेत, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. नुसती यादी हवी असेल तर ती कुठेही मिळेल. माझं सांगणं एवढंच, की प्रत्येक गाणं लावण्याआधी ते कोण म्हणतंय, कुणाला उद्देशून म्हणतंय आणि नाटकात त्या घडीला काय चाललंय, हे दोन वाक्यांत सांग. रागाचं नाव, घराणं, गायकाची थोरवी हे सगळं मागाहून. नवख्या माणसाला ‘हा अमुक राग बरं का’ असं आधीच सांगितलं की तो परीक्षेला बसल्यासारखा ऐकतो, आणि दुसऱ्या गाण्याला मोबाइल काढतो.

हा आग्रह उगाच नाही. अभिषेकींनी १९६४ साली वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ला संगीत दिलं, तेव्हा संगीत नाटकाला उतरती कळा लागली होती. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभरावर पदं होती. पुढे गायकनटांच्या काळात पदांची संख्या घटली तरी एकेक पद वन्समोअर घेत इतकं लांबायचं की कथानक विंगेत ताटकळत उभं राहायचं. अभिषेकींनी पदं मोजकी आणि आटोपशीर ठेवली आणि चाल पात्राच्या स्वभावातून काढली. मंगेशीच्या कीर्तनकाराचा हा मुलगा. कथेच्या ओघात पद कुठे आणि किती म्हणायचं याचे संस्कार घरातच झाले असणार, असं मला वाटतं. त्यामुळे त्यांची गाणी प्रसंगापासून तोडून ऐकवणं म्हणजे संगीतकाराचं निम्मं काम झाकून ठेवणं.

पुरावा हवा तर पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ घे. १९६७ सालचं हे नाटक दोन गायकींच्या, पंडितजी आणि खाँसाहेब या दोन पात्रांच्या, झगड्यावरच उभं आहे. त्यात ‘घेई छंद’ हे एकच पद दोन चालींत येतं. पंडितजींच्या घराण्याची चाल ठाय आहे, शब्दाला जपणारी. एक एक अक्षर सुरावर अलगद टेकवावं तशी ती पुढे सरकते. खाँसाहेबांच्या तोंडी तेच शब्द चपळ होतात, तानांच्या झपाट्यात सापडतात, आणि पद गाणाऱ्याने ते जिंकून घेतल्यासारखं वाटतं. शब्द तेच, कवी तोच, संगीतकारही तोच. बदलला फक्त माणूस. या दोन ध्वनिमुद्रिका लागोपाठ लाव आणि कोण गर्विष्ठ, कोण ऋजू ते पोरांना ओळखू दे. पहिलीचा राग सालगवराळी आणि दुसरीचा धानी, हे ती ओळखल्यावर सांग. तेव्हा त्या नावांना काही अर्थ येईल. त्याच नाटकातलं ‘या भवनातील गीत पुराणे’ नुसतं ऐकलं तर उत्साहाचं, जवळजवळ आनंदाचं गाणं वाटतं. पण पंडितजींची हवेली आता खाँसाहेबांकडे आली आहे आणि नवा मालक जुन्या, हळव्या सुरांना घराबाहेर काढतो आहे, एवढं कळलं की त्याच उत्साहात विजेत्याचा माज ऐकू येतो.

यावर कुणी म्हणेल, खुद्द अभिषेकी ही पदं मैफलीत गात होते, तिथे कुठे नेपथ्य होतं? ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ आवडायला ‘ययाति आणि देवयानी’ पाहावं लागत नाही. खरं आहे. ते गाणं स्वतःच्या बळावर उभं राहतं, आणि कर्नाटक पद्धतीतून आलेल्या चारुकेशीचा त्यातला विनियोग जाणकाराला भरपूर काही देतो. पण मैफलीतल्या श्रोत्याचा कान आधीच तयार असतो. तुझ्या मंडळींचा नाही. त्यांना पकडायला काहीतरी हवं, आणि माणसाच्या मनातली खळबळ पकडायला कसलीही तालीम लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: ‘कट्यार’ची गाणी म्हणजे वसंतराव देशपांडे, त्यात संगीतकाराचं श्रेय किती? वसंतरावांचा वाटा मोठा आहे, तो मीही कमी लेखणार नाही. पण याच संगीतकाराने रामदास कामतांच्या तडफदार आवाजाला वेगळं दिलं, आशालतांच्या साध्या गळ्याला वेगळं, आणि ‘लेकुरे उदंड जाहली’त श्रीकांत मोघ्यांसारख्या, मुळात नट असलेल्या माणसाला संवादासारखं गायला लावलं. एवढे निरनिराळे गळे ज्याने ओळखून वापरले, त्याची छाप गायकापल्याड शोधावीच लागेल.

‘कट्यार’वरच्या २०१५च्या सिनेमापासून सुरुवात करायला माझी हरकत नाही, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. मात्र एक सांभाळ. त्यातली ‘सूर निरागस हो’ आणि ‘मनमंदिरा’ ही शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत. ती नाटकातली समजून कुणी अभिषेकींच्या नावावर टाकली, तर तिथल्या तिथे दुरुस्त कर.

‘सुरत पिया की’ने मात्र आरंभ करू नकोस. ते ऐकून लोक थक्क होतात, टाळ्या वाजवतात, आणि पुढचं प्रत्येक गाणं त्याच फूटपट्टीने मोजतात. पहिलं ‘गर्द सभोती’ लाव: बालकवींची कविता, ‘मत्स्यगंधा’त आशालतांनी गायलेली. मग ‘गुंतता हृदय हे’, मग दोन्ही ‘घेई छंद’, आणि शेवटी ‘काटा रुते कुणाला’. ते ‘हे बंध रेशमाचे’ या फाळणीच्या पार्श्वभूमीवरच्या नाटकातलं आहे, हे आधी सांगायला विसरू नकोस. एका बैठकीला एवढं पुरे, आणखी कुणी मागितलं तरी देऊ नकोस. ‘कट्यार’ आणि ‘मत्स्यगंधा’ ही दोन्ही नाटकं तेवढी त्याआधी स्वतः वाचून काढ. पुस्तकं मिळाली नाहीत तर कळव, मी पाठवतो.

तुझा,
मामा